टाइल क्रमांक अकरा

"ताई, पंपाला फुलं वाहायची राहिली बघा," झेंडेमामा म्हणाले आणि झेंडूची पाटी माझ्यापुढे धरली.

खंडेनवमी होती, सत्त्याण्णव सालची. वर्कशॉपमधल्या लांबलचक टेबलावर पांढरा कपडा घालून त्यावर पान्हे, पकडी, कानशी, ड्रिलची पाती अशी सगळी हत्यारं मांडली होती आणि प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लागलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची, पीएच.डी. होऊन दोन वर्षं झालेली. स्वतःला भयंकर शहाणी समजत होते.

"मामा, फुलं वाहिली की पंप जास्त हवा ओढतो का हो?"

"ओढतोय तेवढीच ओढतो," मामा हसले. "हे पंपासाठी नसतंय ताई, आपल्या हातांसाठी असतंय. वर्षातनं एकदा तरी हत्याराकडं नीट बघावं. कुठं झिजलंय, कुठं गंजलंय."

"मग नुसतं बघा की. कुंकू कशाला?"

"नुसतं कोण बघतंय? कुंकू लावायचं म्हटलं की हातात घ्यावं लागतंय."

आजूबाजूचे दोघेचौघे हसले. खांबेटे सर दारात उभे राहून ही जुगलबंदी ऐकत होते, तेही हसले. "झेंडे, तुम्ही आमच्या बोरावकेला काही पटवू शकणार नाही. ती पक्की नास्तिक आहे," असं म्हणून ते प्रसादाचा पेढा तोंडात टाकून गेले. डॉ. अच्युत खांबेटे आमच्या विभागाचे प्रमुख. बुद्धीने लखलखीत, पण नाकावर माशी बसू देतील तर शपथ.

आमची संस्था सासवडच्या पुढे माळावर होती. तिथे आम्ही एक छोटा टोकामॅक चालवत होतो. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं, आतून पोकळ असं स्टीलचं मोठं भांडं. त्याला आम्ही चेंबर म्हणायचो. त्यातली हवा काढायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि वीज खेळवून तो काही लाख अंशांपर्यंत तापवायचा. इतका तापला की त्या वायूचा प्लाझ्मा होतो. भोवतीची चुंबकं त्याला भिंतीपासून दूर धरतात. पण तो काही शहाण्या मुलासारखा मधोमध बसत नाही, कडेने भिंतीला खेटतोच. खेटला की भिंतीवरचं जे असेल ते उडून त्याच्यात मिसळतं आणि त्याची सगळी उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर फेकतं. प्लाझ्मा थंड पडतो, संपला खेळ. म्हणून जिथे तो खेटतो तिथे आम्ही ग्रॅफाइटच्या बारा टाइल बसवल्या होत्या, नव्याकोऱ्या. त्या तयार करण्यात तीन वर्षं गेली होती.

आणि म्हणूनच चेंबरच्या आतलं सोवळं कडक. हा शब्द मामांचाच. उघड्या बोटाचा एक ठसा आत राहिला तर तो घाम कित्येक दिवस वायू सोडत बसतो. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दोन-दोन हातमोजे, तोंडाला मास्क. अंगठी नाही, बांगडी नाही, पावडर नाही, केसांना तेल नाही. दाराशी रजिस्टर. कोण गेलं, किती वाजता, काय-काय आत नेलं, काय-काय बाहेर आणलं. एक स्क्रू जरी नेला तरी त्याची नोंद. आत वापरायची हत्यारं वेगळी, अल्कोहोलने पुसून, फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या पेटीत ठेवलेली. पेटीची किल्ली मामांच्या कमरेला. त्या पेटीला त्या दिवशीही मामांनी कुंकू लावलं नव्हतं. लांबूनच हात जोडले होते.

बाबूराव झेंडे आमचे मुख्य फिटर. दिवे गावचे. पुण्यातल्या एका कारखान्यात पंधरा वर्षं काढून आमच्याकडे आलेले. चेंबर उघडायचं आणि बंद करायचं ते त्यांनीच, आणि बंद केल्याची शेवटची सही त्यांचीच. ती सही झाली की सरसुद्धा पुन्हा विचारत नसत. निवृत्तीला सात महिने उरले होते. "ह्या नव्या टाइलवर एकदा शंभर झाले की मी मोकळा," असं ते म्हणायचे. शंभर म्हणजे शंभर मिलिसेकंद, डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. जुन्या टाइलवर आमचा प्लाझ्मा साठ मिलिसेकंद टिकत होता. डिसेंबरात दिल्लीहून समिती येणार होती. तिला शंभर दाखवता आले तर प्रकल्पाला पुढची पाच वर्षं मिळणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

त्या दिवशी मामांनी शेवटच्या टाइल सकाळी अकराच्या आत बसवून, पुसून घेतल्या, कारण एकदा पूजा झाली की दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. दुपारी चारला मी आत गेले. माझा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, चेंबरमध्ये ज्या काचेतून डोकावतो ती काच आतून पुसायची होती. त्याला हत्यार लागत नाही, नुसतं कापड. चेंबरचं तोंड जेमतेम दीड फुटाचं, त्यातून आत जाऊ शकणारी अंगकाठी आमच्यात दोघांचीच, मामांची आणि माझी. अर्ध्या तासात मी बाहेर आले. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मामांनी चेंबरच्या तोंडाशी बसून बॅटरीने आत सगळीकडे पाहिलं, झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि सही केली.

मग तीन आठवडे हवा काढणं, चेंबर दीडशे अंशांवर भाजणं, वायूच्या मंद झोताने भिंती घासणं. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पहिला शॉट घेतला, म्हणजे पहिल्यांदा प्लाझ्मा पेटवला.

"अठरा," सर म्हणाले.

कंट्रोल रूममध्ये कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पहिला शॉट वाईट जातोच. दुसरा घेतला. एकोणीस. दहावा घेतला. सतरा. जेवणाची सुट्टी कुणी घेतलीच नाही. तीन वाजेपर्यंत अठ्ठावीस शॉट झाले आणि एकानेही विशी ओलांडली नाही.

"जुन्या खापरांवर साठ मिळत होते!" सरांनी पेन टेबलावर आपटलं. "बोरावके, तुझ्याकडे काय दिसतंय?"

माझं कामच ते. प्लाझ्मात जे काही मिसळतं ते आपापल्या रंगाचा प्रकाश टाकतं. त्या रंगांच्या रेघांवरून कोण पाहुणा आला आहे ते मी ओळखायचे. पडद्यावर जांभळ्या टोकाला दोन उंच रेघा शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एखाद्या विद्यार्थ्यालाही ओळखता आल्या असत्या.

"कॅल्शियम, सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"कॅल्शियम? ग्रॅफाइटमध्ये कॅल्शियम कुठून? स्टीलमध्ये नाही, काचेत नाही. चुना आहे का आत?" ते येरझाऱ्या घालायला लागले. दोन फेऱ्या झाल्या आणि ते थांबले. "कुंकू कशाचं करतात?"

कुणीतरी म्हणालं, "हळदीचं, सर. हळद आणि चुना."

"खंडेनवमी!" सर ओरडले. "बोलवा झेंडेला!"

पण ते कुंकू झेंडेमामांचं नव्हतं. माझं होतं.

सांगतेच. माझी आई सासवडला लोकांचे ब्लाऊज शिवायची. खंडेनवमीला देवाच्या आधी ती मशीनच्या चाकाला कुंकू लावायची, अनामिकेने, अगदी गोल. मग माझ्या वह्या-पुस्तकांना. त्या वर्षी जूनमध्ये आई गेली. पूजेच्या दिवशी मामांची मी टिंगल करत होते खरी, पण आतून माझं मन ताळ्यावर नव्हतं. सगळ्या हत्यारांना कुंकू लागलं, सरांच्या जीपलासुद्धा लागलं, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते चेंबर मात्र कोरडं, असं काहीतरी मनात आलं. काच पुसायला जाताना करंड्यातलं चिमूटभर कुंकू मी टिश्यूच्या घडीत घेतलं. काच पुसून झाल्यावर अकराव्या टाइलच्या पाठीमागे हात घालून तिच्या आधारपट्टीवर एक ठिपका लावला. आईची फार आठवण आली. थोडा वेळ तिथेच बसून रडले आणि बाहेर आले. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कापड एक नेले, एक आणले.'

मूर्खपणा बघा कसला. मागच्या बाजूला लावलं म्हणजे प्लाझ्माला दिसणार नाही, असा हिशेब मी केला होता. दोन वर्षं काचेतून डोकावून काढलेली ना, जे समोर दिसतं तेवढंच असतं अशी खोड लागलेली. टाइल तापली की पाठीमागची पट्टीही तापते आणि तिच्यावरचं सगळं फटीतून पुढे येतं, हे मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चटकन सांगितलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामा आले, हात पुसत. सरांनी बसा म्हटलं नाही.

"झेंडे, चेंबरमध्ये कुंकू गेलंय."

"कुंकू?" मामांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "आतल्या पेटीला मी कुंकू लावत नाही, साहेब. कधीच लावलं नाही."

"मग प्लाझ्माने काय स्वतः लावून घेतलं?"

"सकाळी टाइली बसवल्या तेव्हा मागनं-पुढनं अल्कोहोल मारून पुसल्यात मी. पूजा त्याच्यानंतर झाली. पूजा झाल्यावर मी आत गेलो नाही."  मग हळू म्हणाले, "रजिस्टर बघा, साहेब."

"रजिस्टर काय बघायचंय? तुमच्यानंतर आत फक्त बोरावके गेली होती. ती तर तुमच्या पूजेची टिंगल करते, सगळ्यांच्या देखत करते. होय ना गं, बोरावके?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मामाही पाहत होते. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी कंत्राटी होते. कायम जागेसाठी माझी मुलाखत वीस नोव्हेंबरला होती आणि मुलाखत घेणाऱ्यांत खांबेटे सर होते. सतरा दिवस राहिले होते. घरी वडील आजारी आणि धाकटा भाऊ कॉलेजात.

"हो सर," मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले. पूजेची टिंगल करते का, याचं ते उत्तर होतं आणि ते खरंही होतं. अशी खरी उत्तरं खोट्यापेक्षा वाईट असतात, हे मला त्या क्षणी कळलं होतं, नंतर नाही.

 सरच बोलत राहिले. तीन वर्षं, समिती, देशाचा पैसा, अंधश्रद्धा. शेवटी हात पुढे करून म्हणाले, "किल्ली." मामांनी करगोट्याला बांधलेली पेटीची किल्ली सोडली. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. आम्ही सगळे ते बघत उभे होतो. किल्ली टेबलावर ठेवून मामा गेले.

चेंबर पुन्हा उघडायचं ठरलं. आता आत कोण जाणार? दुसरे फिटर कामठे. माणूस चांगला, पण अंगाने भरलेला. खांदे अडकले, कसेबसे आत शिरले आणि पहिल्याच टाइलचा कोपरा त्यांच्या हातून उडाला. ग्रॅफाइट ठिसूळ असतं, पेन्सिलच्या शिसासारखं. बाहेर येऊन कामठे म्हणाले, "साहेब, मला फाशी द्या, पण हे काम मला सांगू नका. ह्याला झेंडेच पाहिजेत." दोन दिवस सर कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की झेंडेंनी फक्त टाइल काढाव्यात, साफ कराव्यात आणि परत बसवाव्यात, बोरावके बाहेरून लक्ष ठेवेल.

म्हणजे चोरालाच पहारा.

सकाळची दहाची वेळ. मामांनी पोशाख चढवला, रजिस्टरमध्ये नेहमीच्या ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलं आणि आत शिरले. मी चेंबरच्या तोंडाशी दिवा धरून बसले. एकेक टाइल ते सोडवत आणि माझ्या हातात देत. मी तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवत होते. आठ. नऊ. दहा. आमच्यात एक अक्षर बोलणं नव्हतं. एरवी मामा आत असले की त्यांचं तोंड अखंड चालू, दिव्याच्या सीताफळांपासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत.

अकरावी टाइल निघाली. त्यांनी ती दिली नाही.

"ताई, उजेड जरा इकडं."

मी दिवा आत सरकवला. पट्टीवर काळपट तांबडा ठिपका होता. कडा जळलेल्या, पण मधे गोल शाबूत. मामांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"गोल लावलंय अगदी," ते म्हणाले. "निगुतीनं. देवाला लावावं तसं."

"मामा..."

त्यांनी मान वळवली. मास्कच्या वरचे नुसते डोळे दिसत होते. ते रागावलेले नव्हते. ते वाट बघत होते. मी काय बोलते याची वाट ते बघत होते, आणि ती त्यांनी पुष्कळ वेळ बघितली. मुलाखतीला सहा दिवस उरले होते. मी दिवा नीट धरला.

"बरं. कापड द्या," मामा म्हणाले.

मी कापड दिलं.

त्यांनी अल्कोहोलने तीनदा पुसलं, चौथं कापड पांढरंशुभ्र निघालं तेव्हा थांबले. बाहेर येऊन त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'टाइल क्र. ११ च्या मागे पट्टीवर कुंकू सापडले. साफ केले. बा. झेंडे.' संध्याकाळी सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "चला, शेवटी कबूल केलं म्हणायचं." मी शेजारीच उभी होते. अळीमिळी गुपचिळी.

वीस तारखेची मुलाखत छान झाली. पहिला प्रश्न सरांनीच विचारला, कॅल्शियम कसं ओळखलंस ते सांग. मी सांगितलं. बाकीचे सदस्य खूश झाले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समिती आली आणि तिच्यासमोर एकशे बारा मिलिसेकंद प्लाझ्मा टिकला. त्या चेंबरच्या टाइल मामांनी बसवल्या होत्या, पण बंद केल्याची सही कामठेंची होती. त्या दिवशी मामा कुठे होते ते मी शोधत गेले, तर ते मागच्या शेडमध्ये कॅन्टीनच्या टेबलाचे पाय वेल्ड करत होते.

"एकशे बारा झाले, मामा," मी म्हणाले.

"अरे वा! बेस झालं," ते म्हणाले आणि वेल्डिंगची काच पुन्हा डोळ्यांवर ओढली.

पुढचे पाच महिने ते तिथेच होते. रॅक बनवले, ट्रॉलीची चाकं बदलली, बागेच्या नळाची तोटी बसवली. मला कायमचं नेमणूकपत्र मिळालं. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. रोज काहीतरी आडवं यायचं. खरं सांगायचं तर आडवं काहीच येत नव्हतं. मला भीती वाटायची, आणि दिवसेंदिवस लाजही वाटायला लागली. आता सांगितलं तर लोक विचारतील, इतके दिवस कुठे होतीस? हा प्रश्न रोज एक दिवसाने मोठा होत होता. मामा दिसले की नेहमीसारखं "काय ताई, बरंय ना?" म्हणायचे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं.

मेच्या अखेरीस त्यांचा निरोप समारंभ झाला. सभागृहात दुपारी तीन वाजता. मामा धुतलेलं धोतर, नवा सदरा आणि टोपी घालून आले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या होत्या, मुलगा-सून आले होते. शाल, श्रीफळ, घड्याळ. मग खांबेटे सर बोलायला उठले. सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी मामांच्या हाताचं मनापासून कौतुक केलं. आणि शेवटी, आपण वातावरण हलकं करतोय अशा समजुतीने, म्हणाले, "फक्त एकदाच आमचे झेंडे चुकले. टोकामॅकला कुंकू लावून त्यांनी त्याचं लग्नच लावून दिलं! पण चालायचंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

सभागृह खो-खो हसलं. मामांची सूनही हसली, तिला काय ठाऊक? काकू हसल्या नाहीत. मामा नारळ मांडीवर धरून समोर बघत होते.

मी उठले. बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. 

"ते कुंकू झेंडेमामांनी लावलं नव्हतं," मी म्हणाले. "मी लावलं. काच पुसायला गेले होते तेव्हा, माझ्या हाताने. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाही. मामांना माहीत होतं. त्यांनी माझ्यासमोर ते पुसलं आणि माझं नाव घेतलं नाही. मी त्यांची गुन्हेगार आहे."

 मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले.

 सर माइक घेऊन माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "बघा. याला म्हणतात मनाचा मोठेपणा. एका म्हाताऱ्या माणसाला डागाशिवाय घरी जाता यावं म्हणून ही पोरगी सगळं आपल्या अंगावर घेतेय. बोरावके, तू कुंकू लावणारी नव्हेस, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"नाही सर, खरंच..."

माझं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. कामठेंनी डोळे पुसले. कुणीतरी मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी हात हलवून नाही-नाही म्हणत होते आणि जितकं नाही म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. मग लोक समोशांकडे वळले.

मामा बाहेर सायकल-स्टँडजवळ होते. मुलगा-सून काकूंना घेऊन एस.टी.ने पुढे गेले होते. मामा आपल्या एम-एटी गाडीच्या मागे दोरीने शालीचा बॉक्स बांधत होते. मी धावत गेले.

"मामा, मी खरं तेच सांगितलं हो. कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं ना," ते म्हणाले. "आमच्या हिनंबी ऐकलं."

"तुम्ही का नाही बोललात? पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, की हिने लावलंय म्हणून?"

मामांनी दोरीची गाठ ओढून पाहिली.

"सांगितलं की, ताई. रजिस्टर बघा म्हटलो. तुम्ही तिथंच उभ्या होता."

 त्यांनी बॉक्स हलवून पाहिला, नारळ पिशवीत घातला, पिशवी हँडलला अडकवली. मग माझ्याकडे वळले. आवाजात ना राग, ना टोमणा.

"आज बोललात, बरं केलंत. माझ्या मनात काय नाही," ते म्हणाले. "पण आजबी टाळ्या तुम्हालाच पडल्या बघा."

आणि त्यांनी किक मारली.